खिळीचा नाडा

२६ नोव्हेंबर १९७२

प्रिय मोहियोद्दीन,

खंडेनवमीच्या सकाळी मी कडबा तोडायच्या कुट्टी यंत्राला कुंकू लावले, तिथून सगळे सुरू झाले असे मला वाटते. म्हणून तिथूनच लिहितो.

नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, पाभर सगळे धुऊन ओट्यावर मांडले होते. आमच्या झुंबरबाईने हळद कालवली होती. तेवढ्यात कारखानदार कानिफनाथ शेठची जीप दारात आली. मागे 'गोमाई' कुट्टी यंत्र, नवे, हिरव्या रंगाचे. कारखानदार यंत्र देतो, आपण पंधरा दिवस वापरतो, 'शिवारवार्ता' साप्ताहिकात त्याबद्दल लिहितो आणि परत करतो, हा आपला सहा वर्षांचा रिवाज. तुला मी नवे काय सांगू? पण यंत्र आजपर्यंत कधी सणाच्या दिवशी आले नव्हते. शेठ उतरले, चप्पल काढली आणि म्हणाले, "अण्णा, आज हत्यारांचा दिवस. हे पण त्यांच्यातच बसवा. तुमच्या हातचं कुंकू लागू द्या." चहासुद्धा न घेता गेले.

मी काय करायला हवे होते? दारात आलेल्या लोखंडाला नवमीच्या दिवशी नाही कसे म्हणणार? मी कुंकू लावले, फूल वाहिले. चाक अडवायच्या खिळीला झुंबरबाईने लाल नाडा गुंडाळला, सात वेढे. आमच्यात पूजेचा नाडा सोडत नाहीत. झिजून पडेल तेव्हा पडेल.

तू आलास तेव्हा चाक फिरवून पाहिलेस, पाती पाहिलीस. खीळ बाहेर काढून तळहातावर घेतलीस आणि म्हणालास, "आसाराम, हा नाडा काढ. नाड्यानं जाड झालीय म्हणून भोकात बसतीय. उघडी खीळ दाखव मला." मी म्हणालो, पूजेचा आहे. तू म्हणालास, "मग मी आज काय बघितलं? तुझी पूजा बघितली."

ते मला लागले. तसाच निघून गेलास. नाडा मी सोडला नाही. पंधरा दिवस यंत्राने चांगले काम केले हे मात्र खरे. कडब्याचे एक पानही वाया गेले नाही. या दुष्काळाच्या साली ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला ही किती मोठी गोष्ट आहे हे तू जाणतोस.

तू नागापूरच्या कारखान्यात लागलास हे मला दुसऱ्यांकडून कळले. तुझ्या दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप पाहिले. निदान सांगून जायचे होतेस. आपल्या 'वापरून पाहिले' सदरासाठी आता फवारणीचा पंप आला आहे. तुझ्याशिवाय मी तो उघडू शकत नाही. रविवारी सुट्टी असेल तर ये.

आणखी एक विचारायचे होते. गावाबाहेरच्या जनावरांच्या छावणीने दोन 'गोमाई' घेतली आहेत. त्या खिळीबद्दल तू म्हणालास, ते खरेच इतके काळजीचे आहे का? नव्या यंत्राला थोडी कुरकुर असतेच. तेवढे लिहून कळव.

मुबारकबी वहिनींना रामराम.

तुझा
आसाराम

१० डिसेंबर १९७२

प्रिय मोहियोद्दीन,

तुझे उत्तर आले नाही. पत्ता बरोबर आहे ना, अशी शंका आली म्हणून मशिदीजवळ तुझ्या भावाला विचारले. तो म्हणाला, "पत्ता बराबर हाय. त्यानं पत्र वाचलं बी हाय. वाचून खिशात घातलं." म्हणजे तू वाचतोस. मग लिहीत राहतो.

मी रोज सकाळी पूजा झाली की छावणीवर जातो. सगळ्यांना वाटते, जनावरांची काळजी म्हणून येतो. मी जातो ते खीळ बघायला. तिथल्या खिळीला नाडा नाही. मी यंत्रावरच्या बायांना सांगितले, चाक थांबवले की खिळीला चिंधी गुंडाळत जा. त्या हसल्या. एक म्हणाली, "आन्ना, अंगावर घालायला चिंधी न्हाई, खिळीला कुठली आणू?" मी माझ्या पंच्याची किनार फाडून दिली. दुसऱ्या दिवशी ती कोणाच्या तरी पोराच्या करदोट्याला दिसली.

त्यात कडूबाई म्हणून एक आहे. वरच्या वस्तीवरची, एकटीच असते. ती यंत्राला हात लावायला तयार नव्हती. "मला विळ्यानं तोडू द्या, येळ लागंना का," असे तिचे चालले होते. आता लावते. तिची समजूत कशी काढली ते मी विचारले नाही.

तुला राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. नाड्याचा नाही. आपल्या मजकुराच्या शेवटी दर वेळी 'मिस्त्रींचे म्हणणे' असे. तू बोलायचास तसेच मी लिहायचो. स्टोव्हच्या वेळी तू म्हणालास, "हा स्टोव्ह नाही, रुसलेली सून आहे, कधी भडकेल सांगता येत नाही." तेही छापले. तो दुकानदार वर्षभर आपल्याशी बोलला नाही आणि आपण दोघे हसलो. या वेळी मी लिहिले, 'मिस्त्रींनी यंत्र पाहिले.' एवढेच. ते खोटे नव्हते. तू पाहिले होतेस. पण वाचणाऱ्याला वाटणार की मिस्त्रींना ते पसंत आहे.

तुझे नाव तुला न विचारता मी जामीन ठेवले. हे लिहायला मला दोन पत्रे लागली.

आबासाहेबांचा यात दोष नाही, हेही लिहितो. संगमनेरला मजकूर द्यायला गेलो तेव्हा ते छापखान्यात उभे होते. संपादक असूनही त्यांच्या बोटांना शाई असते, ते मला नेहमी आवडत आले आहे. टेबलावर दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानाचे प्रूफ होते. पानभर 'गोमाई'. ते काही बोलले नाहीत. मीच म्हणालो, "मोठी जाहिरात आहे."

ते म्हणाले, "अण्णा, हिच्यावर दोन कंपोझिटर दिवाळीनंतर कामावर राहतात. टँकर कोणत्या गावाला कधी जाणार, ती यादी आपण दर आठवड्याला फुकट छापतो, ती हिच्यावरच. पण तुम्ही तुमचं लिहा. तुमच्या मजकुराला मी कधी हात लावला का?"

खरेच, कधीच लावला नाही. त्या दिवशीही नाही. मी बाकावर बसलो, खिशातून पेन काढले, आणि मजकूर त्यांच्या हातात देण्याआधी त्यातल्या तीन ओळी मीच खोडल्या. त्या खिळीबद्दलच्या, तुझ्या ओळी होत्या. समोर ते पान नसते तर मी खोडल्या असत्या का? रोज स्वतःला विचारतो. कोणी धमकी दिली असती तर मी ताठ झालो असतो, असे मला वाटते. पण कोणी काही मागितलेच नाही.

आसाराम

७ जानेवारी १९७३

मोहियोद्दीन,

कडूबाईचा हात गेला. हात म्हणजे डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरे. परवा सकाळी.

कडबा तोंडाशी अडकला. तिने चाक थांबवले, खीळ घातली, अडकलेले धाट ओढायला हात आत घातला. खीळ पडली. मुठीची बाजू जड, चाक आपोआप खाली आले. मी तिथे नव्हतो. मी रोज जातो आणि नेमका त्या दिवशी मला पूजेत उशीर झाला.

संगमनेरच्या दवाखान्यात तिला भेटायला गेलो. झुंबरबाईने भाकरी बांधून दिली होती. मी काही बोलायच्या आत कडूबाई म्हणाली, "बसा आन्ना. तुमीच लिवलं हुतं म्हनं."

मी विचारले, "काय?"

"मी हात लावीना, तवा छावणीच्या कारकुनानं प्येपर आणला. सगळ्या बायांम्होरं वाचला. बायामाणसांनीबी निर्धास्त वापरावं, असं हाय त्यात. म्हनला, आसारामआन्नाचं लिवणं हाय, त्यो देवाधर्माचा माणूस, लबाड लिवायचा न्हाई. मंग काय, लावला हात."

बाजूच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "लिवणाऱ्याचं काय जातंय? कागुद थोडाच बोटं तोडतो."

कडूबाई तिला म्हणाली, "गप गं. त्यांच्याकडं बघ की, त्येंचाच हात तुटल्यावानी बसल्यात." आणि हसली. मोहियोद्दीन, ती हसली. मला ते सहन झाले नाही. भाकरी ठेवून मी बाहेर आलो.

आता तुला जे सांगितले नाही ते सांगतो. पहिल्या पत्रात मी लिहिले की नाडा सोडला नाही. ते खोटे आहे.

तू रागाने गेलास त्याच्या दुसऱ्या सकाळी मी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, आणि गोठ्यात जाऊन नाडा सोडला. सातही वेढे. यंत्राच्या तोंडात ज्वारीचे एक धाट ठेवले, उघडी खीळ घातली आणि कडबा आत सारायच्या खोबणीला हाताने हिसका दिला. खीळ खाली पडली. चाक अर्धे फिरले. धाट मधोमध तुटले. झुंबरबाईने आतून विचारले, "कशाचा आवाज झाला वो?" मी म्हणालो, "काही नाही."

मग मी नाडा पुन्हा गुंडाळला. सात वेढे मोजून. कुंकू पुसले होते तिथे पुन्हा लावले.

म्हणजे त्या तीन ओळी मी लिहिल्या होत्या त्या तुझ्या शब्दावर नव्हे, माझ्या डोळ्यांनी पाहून. आणि खोडल्या तेव्हाही मला तुटलेले ते धाट दिसत होते. 'निर्धास्त' हा शब्द मी त्या ओळी खोडल्यानंतर, रिकामी झालेली जागा भरायला लिहिला.

मी आजवर कोणाची पान-सुपारी घेतली नाही. पंपवाल्याने आंब्याची करंडी पाठवली ती आपण दोघांनी परत नेऊन दिली, आठवते? त्याचा मला फार अभिमान होता. लाच घेतली असती तर ती परत करता आली असती. पूजा कशी परत करू? यंत्र माझ्या घरच्या हत्यारांत बसले आणि मला ते माझे वाटू लागले. माझ्या नांगराला कोणी नाव ठेवले तर मी जसा बोललो असतो, तसा मी तुझ्याशी बोललो.

या वेळी उत्तर दे असे म्हणत नाही. बाकीच्या यंत्रांचे काय करायचे तेवढे सांग. माझे लिहिणे वाचून आसपासच्या किती गावांनी ते घेतले असेल, मला माहीत नाही. प्रत्येक सकाळी वाटते, आज कुठल्या तरी गोठ्यात कोणी हात घालत असेल.

आसाराम

२१ जानेवारी १९७३

प्रिय मोहियोद्दीन,

तुझे कार्ड मिळाले. वर सलाम नाही, खाली नाव नाही, फक्त खिळीचे चित्र आणि शेजारी तुझे शब्द: 'दोष खिळीत नाही. भोक उथळ आहे. आरपार पाड. पलीकडून चाप घाल. नाडा नको.' मी ते कार्ड किती वेळा वाचले हे सांगितले तर तू हसशील.

लोहाराकडून भोक आरपार पाडून घेतले, चाप घडवून घेतला. छावणीच्या दोन्ही यंत्रांना लावले. मी स्वतः खोबणीला हिसके दिले, लाथाही मारल्या. खीळ हलली नाही. इतके सोपे होते, मोहियोद्दीन. त्या तीन ओळी छापल्या असत्या तर कारखान्याने हेच केले असते, नाहीतर लोकांनी लोहाराकडून करून घेतले असते.

कानिफनाथ शेठ आले होते. वाईट माणूस नाही तो. कडूबाईच्या औषधपाण्याचे बघतो म्हणाला. "पुढच्या मालात चाप बसवून देतो अण्णा. तुम्ही असं लिहा, की गोमाई आता आणखी सुधारली."

मी म्हणालो, "आणि आधी विकलेल्यांचं?"

"गवगवा झाला तर कोणीच घेणार नाही. कारखान्यात चाळीस माणसं आहेत. दुष्काळाच्या साली त्यांना घरी बसवू का?"

प्रत्येकाच्या मागे माणसे आहेत. आबासाहेबांच्या मागे कंपोझिटर, शेठच्या मागे कामगार. कडूबाईच्या मागे मात्र कोणी नाही, म्हणून तिचे सोपे गेले.

मग आबासाहेबांकडे गेलो. दुरुस्ती छापा म्हणालो. ते चष्मा पुसत म्हणाले,

"अण्णा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण आपल्याच सदरात आपणच खोटं लिहिलं असं छापलं, तर उद्या टँकरच्या यादीवर तरी लोक विश्वास ठेवतील का?"

"खोटं लिहिलं तेव्हा हा प्रश्न नव्हता का?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

हे त्यांनी शांतपणे सांगितले, आणि ते खरे होते. "मी तुम्हाला एक अक्षर कापायला सांगितलं का?" असेही म्हणाले. मी म्हणालो, नाही. "मग ते माझ्या माथी का मारता?" मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा ते मागून म्हणाले, "ते पान मी टेबलावरून उचलायला हवं होतं. तेवढी चूक माझी."

छापतो असे म्हणाले नाहीत. आणि मला रात्रंदिवस दुसरे काही सुचत नाही. जवळच्या चार गावांत पायी जाऊन मी सांगून आलो. पण एका गावात एकाने मलाच पेपर दाखवला. "आन्ना, छापलंय त्ये खरं का तुमी तोंडानं सांगताय त्ये?" छापलेल्या शब्दाला तोंडाचा शब्द पुरत नाही. छापूनच परत घ्यावा लागेल.

आसाराम

११ फेब्रुवारी १९७३

प्रिय मोहियोद्दीन,

सोबत 'शिवारवार्ता'चा अंक आहे. शेवटचे पान बघ. वर 'गोमाई'ची जाहिरात आहे. तिच्यात माझे वाक्य ठळक टायपात घेतले आहे, 'बायामाणसांनीही निर्धास्त वापरावे.' तिच्या खाली जाहीर नोटिसा असतात, तुला माहीत आहे. मुलगा आमच्या म्हणण्यात राहिला नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये; अमक्याचे मुखत्यारपत्र रद्द केले आहे. देवळात बसून लोक आधी त्याच वाचतात, कोणाच्या घरात काय चालले आहे ते बघायला.

त्या वाचताना मला सुचले. बिघडलेल्या मुलाला नोटिशीने दूर करता येते, तर शब्दाला का नाही? मी घरी बसून नोटीस लिहिली. झुंबरबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "नाव छापून येईल. लोक काय म्हणतील?" मग थोड्या वेळाने, "त्या दिवशी आवाज झाला होता ना, गोठ्यात?" मी हो म्हणालो. तिने उठून माझा धुतलेला सदरा काढून ठेवला.

आबासाहेबांसमोर कागद ठेवला. म्हणालो, "हे सदर नाही. हे तुमचं मत नाही, पेपरचंही नाही. ही माझी नोटीस आहे. नोटिशीचा जो दर असेल तो घ्या." त्यांनी दोनदा वाचली.

"शेठ जाहिरात काढून घेतील."

"घेतील."

"आणि तुमचं 'वापरून पाहिले' यापुढे चालवता येणार नाही. नोटिशीनंतर कोणत्या तोंडाने चालवणार?"

"ते मी आधीच बंद केलं आहे. फवारणीचा पंप न उघडता परत पाठवला."

त्यांनी कंपोझिटरला हाक मारली. "हे जसंच्या तसं लाव. काना-मात्रासुद्धा बदलू नको." माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, याही वेळी मी हात लावला नाही." आम्ही दोघेही हसलो नाही.

नोटीस अशी आहे. अंकातली छपाई फिकट आहे म्हणून इथे पुन्हा उतरवतो.

'जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, मी, आसाराम भिकाजी गाडेकर, याच साप्ताहिकाच्या दिवाळी अंकात गोमाई कुट्टी यंत्र बायामाणसांनीही निर्धास्त वापरावे असे लिहिले होते. लिहिण्याआधी त्या यंत्राची खीळ निसटून चाक फिरताना मी स्वतः पाहिले होते. मोहियोद्दीन मिस्त्री यांनी तो दोष मला आधीच सांगितला होता. त्यांनी यंत्र पसंत केले नव्हते. मी ते लपवले. त्यामुळे एका बाईच्या हाताला इजा झाली आहे. तरी माझा सदर शब्द मी रद्द करीत असून त्या शब्दावर विसंबून कोणीही यंत्रात हात घालू नये. खिळीचे भोक आरपार पाडून पलीकडून चाप घालून घ्यावा. चाप कसा असावा ते माझ्या घरी येऊन पाहावे.'

तुझे नाव घालताना या वेळीही तुला विचारले नाही. पण या वेळी ते जिथे असायला हवे तिथे आहे.

सहा माणसे चाप बघून गेली आहेत. जाहिरात पुढच्या अंकात असेल की नाही, माहीत नाही. टँकरची यादी बंद पडली तर ती हाताने लिहून देवळावर लावायची माझी तयारी आहे. काळजी संपलेली नाही. कुठल्या तरी गावात अंक पोचला नसेलच.

यंत्र मी नवमीला ठेवून घेतले ते तसेच राहिले होते, रिवाज मोडून. काल ते परत पाठवले, तुझा चाप लावून; लोकांना दाखवायला एक चाप घरी ठेवला आहे. नाडा सोडला. निर्माल्य पाण्यात सोडायचे, पण नदीला पाणी नाही. तुळशीच्या मुळाशी पुरला.

आणि आज सकाळी, पूजेच्या आधी, अंक घेऊन छावणीवर गेलो. कडूबाई परत कामावर आली आहे, उजव्या हाताने जनावरांना पेंडी टाकते. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिच्याजवळ बसून हळू आवाजात नोटीस वाचायला लागलो. पहिली ओळ होते न होते तोच तिने मला थांबवले.

"मला कशापायी सांगताय? मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "हुबं ऱ्हावा आन् मोठ्यानं वाचा. तिकडं यंत्रावर बाया हायेत."

मी उभा राहिलो. चाक थांबले. खीळ आत गेली, चाप बसला. मी पहिल्यापासून, मोठ्याने, सगळी नोटीस वाचली.

तुझा
आसाराम